बिझनेस पार्कातलं औक्षण

बेसिंगस्टोकच्या आसपास कोणीही, कशासाठीही बोलवावं, आमच्या मंडळातल्या बायका नऊवारी नेसून हजर. लायब्ररीतली दिवाळी, कौन्सिलचा कल्चर डे, कोणाच्या तरी ऑफिसातला डायव्हर्सिटी वीक. लेझीम हवं, लेझीम घ्या. रांगोळी हवी, रांगोळी घ्या. गोरे लोक टाळ्या वाजवतात, 'सो कलरफुल' म्हणतात, दोन करंज्या जास्त खातात आणि आम्ही धन्य होऊन घरी येतो. मला या प्रकाराचा मनातून वैताग येतो, पण नथ घालायला एरवी निमित्त तरी कुठे मिळतं, म्हणून मी जाते. जात असे, असं आता म्हणायला हवं.

त्या सप्टेंबरात नवऱ्याने जेवताना विषय काढला. तो ट्रॅफिकच्या कॅमेऱ्यांचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका कंपनीत आहे. बिझनेस पार्कात त्यांची नवी इमारत उभी राहिली होती आणि तिचं उद्घाटन होतं.

"अगं, पाच मिनिटांचं काम आहे. ओव्हरसीज पार्टनर्स येतायत, दारात त्यांना ओवाळायचं, बस. दिवाळीला तू ऑफिसच्या एट्रियममध्ये केलं होतंस ना, ते आमच्या डिरेक्टरला फार आवडलं होतं."

"कुठले पार्टनर्स?"

"सिक्युरिटीमुळे नावं सांगत नाहीयेत. मलाही माहीत नाही. आमटी वाढ जरा."

"हात आहेत तुला," मी म्हणाले, आणि वर 'बरं, येते' असंही म्हणाले.

खरं युद्ध पुढे झालं. कंपनीच्या हेल्थ अँड सेफ्टीवाल्या बाईंनी कळवलं की इमारतीत उघडी ज्योत चालणार नाही, त्या मला बॅटरीवरची पणती देतील. माझं डोकं फिरलं. बॅटरीनेच ओवाळायचं तर टॉर्च फिरवते की, पणती कशाला! मी शाळेत गणित शिकवते. मुद्देसूद भांडायची मला सवय आहे. तूप किती, फुलवात केवढी, ज्योत किती उंच, ती किती वेळ जळेल, सगळं मी त्यांना कळवलं. शेवटी बाईंनी परवानगी दिली. अट एकच, माझ्या मागे एक फायर वॉर्डन आग विझवायचं सिलिंडर घेऊन उभा राहील. मी जिंकले होते. याच गोष्टीसाठी मला हा देश आवडतो, असं मी नवऱ्याला सांगितलंसुद्धा. इथे कारण द्या, ऐकून घेतात. कोणाच्या ओळखीने जावं लागत नाही.

आता माझ्या मैत्रिणीबद्दल सांगते. ती आमच्या शेजारच्या घरात राहते आणि माझ्याच शाळेत केमिस्ट्री शिकवते. रोज सकाळी ती माझ्या गाडीतून येते. आमचं बोलणं इंग्रजीतच होतं. इथे ते मराठीत लिहितेय. ती आखातातल्या एका देशातून तरुणपणी पळून आली आणि आता इथली नागरिक आहे. देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिचे आईवडील अजून तिथे आहेत. धाकटा भाऊही तिथेच, तुरुंगात. तो फार्मसिस्ट होता. शेजाऱ्याचा मुलगा पोलिसांच्या कोठडीत मेला, त्याच्या अंत्ययात्रेत हा चालला. चालता चालता त्या अंत्ययात्रेचा मोर्चा झाला. चौकातल्या कॅमेऱ्यांनी चेहरे टिपले, आणि आठवड्याभरात एकेकाला घरातून उचललं. त्याला फाशीची शिक्षा झाली होती. ती कधी होईल, होईल की नाही, हे कोणी सांगत नव्हतं. दर रविवारी ती आईला फोन करायची आणि सोमवारी गाडीत बसता बसता मला म्हणायची, "अजून आहे." मग आम्ही नववीच्या वर्गाला शिव्या द्यायला मोकळ्या.

एकदा ती आमच्या हॉलमध्ये चहा पीत बसली होती. भिंतीवर माझ्या सासूबाईंचा फोटो आहे, त्याला चंदनाचा हार. तिने विचारलं, हा हार कशाला? मी सांगितलं, आमच्यात माणूस गेलं की फोटोला हार घालतात. जिवंत माणसाच्या फोटोला घातला तर घरात मोठी माणसं अंगावर येतात. ती बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. तिच्या घरी खिडकीत भावाचा फोटो आहे. पांढरा कोट घातलेला, कानामागे पेन, कोणीतरी हसवल्यासारखा. "माझा बिनहाराचा आहे," ती म्हणाली, आणि कप धुवायला उठली.

उद्घाटनाचा दिवस शनिवार होता. ऊन होतं, इथल्या मानाने लखलखीत. सरकारतर्फे कोणीतरी येणार होतं, कौन्सिलवाले होते, आमच्या मंडळाच्या अध्यक्षीण काकूही नटून आल्या होत्या, चमकत्या जाकिटातले पोलीस होते. एवढा बंदोबस्त कशाला, असा विचार मनात आला आणि गेला. मी तबक तयार केलं. निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, माझीच अंगठी. मागे फायर वॉर्डन. केवढा तो धिप्पाड माणूस, आणि बोटाच्या पेराएवढ्या ज्योतीवर डोळा ठेवून.

काळ्या गाड्या आल्या. पाहुणा उतरला. साठीचा, उत्तम सूट, पिकलेली छाटलेली दाढी, आणि चेहरा इतका सालस की आपल्याकडच्या एखाद्या निवृत्त हेडमास्तरांची आठवण व्हावी. मी आधी सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग ज्योत. कुंकू लावू का, असं बोटानेच विचारलं. त्याने छातीवर हात ठेवून हसत नाही म्हटलं, पण दिव्यापुढे मान मात्र अदबीने लववली. कॅमेरे खटाखट वाजले.

"याचा अर्थ काय होतो?" त्याने स्वच्छ इंग्रजीत विचारलं.

"तुम्हाला उदंड आयुष्य लाभो," मी म्हणाले. मला अशी वाक्यं इंग्रजीत छान जमतात.

"माझी आई मला हेच म्हणायची," तो म्हणाला. त्याचे डोळे ओलावल्यासारखे वाटले. मीही हेलावले, खोटं कशाला सांगू.

तो आत गेला. डिरेक्टर माझ्याजवळ येऊन म्हणाला, वंडरफुल, पाहुणे फार खूश झाले. मग आवाज खाली आणून, मोठा मान दिल्यासारखा, त्याने मला पाहुण्याचा देश सांगितला आणि हुद्दा. त्या देशाच्या अंतर्गत सुरक्षेचा प्रमुख. पोलीस, कोठड्या, तुरुंग, चौकातले कॅमेरे, सगळं त्याच्या हाताखाली.

मला आधी काही कळेचना. शब्द ऐकू आले, पण ते नुसते कानात उभे राहिले. मग मी फाटकाकडे पाहिलं. पोलिसांनी रस्त्यापलीकडे एक दोरी बांधली होती आणि दोरीमागे दहाबारा माणसं उभी होती, फोटो धरून. घोषणा नाहीत, काही नाही. कडेला हिरव्या कोटात माझी मैत्रीण होती. तिच्या हातात तो खिडकीतला फोटो होता आणि ती माझ्याकडे बघत होती. किती वेळ बघत होती देव जाणे. मी नऊवारीत, नथीत, हातात पेटलेलं तबक. हात हलवावा की तोंड लपवावं? मी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

"आता विझवू या का?" फायर वॉर्डनने मागून विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत पुढे वाकून फुंकर मारली. आपल्यात निरांजन फुंकून विझवत नाहीत. पण त्याला ओरडायला माझ्या तोंडून आवाज फुटला नाही.

घरी आल्यावर मात्र फुटला. नवरा दारात बूट काढत होता.

"तुला माहीत होतं?"

"शपथेवर सांगतो, नाही. आज कळलं, तुझ्यासारखंच."

"तुमचं ते ट्रॅफिकचं सॉफ्टवेअर. त्याच चौकात आहे का ते?"

"कुठल्या चौकात?"

"तिच्या भावाच्या!"

तो खाली बसला. एक बूट पायात, एक हातात. "आमचं असेल, दुसऱ्या कोणाचं असेल. कसं सांगू? आमचा करार आता होतोय. आणि हे बघ, सगळं लीगल आहे. गव्हर्नमेंटनं क्लिअर केलंय. आपण नाही विकलं तर चीन विकेल."

"मग चीनला विकू दे ना! त्याला ओवाळायला मला तरी कोणी बोलावणार नाही."

मी नऊवारी फेडली, घडी न घालता तशीच पलंगावर टाकली. मला रडू येत नव्हतं. नुसता धक्का बसला होता, आणि त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा वर येत होती: बॅटरीची पणती मिळत होती. खऱ्या ज्योतीसाठी मी भांडले होते.

रविवारभर तिने फोन उचलला नाही. सोमवारी मी गाडीत बसून वाट पाहत राहिले. वाटलं, येणार नाही. ती आली, पट्टा लावला. मी गाडी हायवेला घातली.

"मला माहीत नव्हतं," मी म्हणाले.

"ते कळलं मला. तुझा चेहरा दिसला ना, नंतरचा." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "ते दिव्याचं काय असतं?"

मी सांगणार नव्हते. पण ती केमिस्ट्रीची बाई आहे, तिला अर्धवट उत्तर चालत नाही. "आयुष्य मागतात," मी म्हणाले. "समोरच्या माणसासाठी. भरपूर आयुष्य."

"आणि तो काय म्हणाला?"

"त्याची आई असंच म्हणायची, म्हणाला."

ती खिडकीतून बाहेर बघत हसली. असं हसू मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. "अजून आहे," ती म्हणाली. मला क्षणभर कळलं नाही ती कोणाबद्दल बोलतेय. मग कळलं. ते तिचं सोमवारचं वाक्य होतं.

आमच्या शाळेच्या कॉरिडॉरमध्ये एक मोठं पोस्टर आहे. ब्रिटिश मूल्यं: लोकशाही, कायद्याचं राज्य, व्यक्तिस्वातंत्र्य, परस्परांचा आदर. ते मीच लावलं होतं, स्टुलावर चढून, पट्टीने मोजून सरळ. त्याच्या शेजारी युक्रेनच्या झेंड्याचा निळा-पिवळा कागद, मुलांनी रंगवलेला. युद्ध सुरू झालं त्या वेळी आम्ही गोधड्या, औषधं, सूपचे डबे गोळा केले होते, हुकूमशहा या विषयावर असेंब्लीत भाषणं झाली होती, आणि माझ्या मैत्रिणीने सगळ्यात जास्त खोकी भरली होती. ती सगळी माणसं खरोखर कळवळली होती, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. कौन्सिलने झेंडा लावला तेव्हा ज्या बाई रडल्या, त्याच बाई त्या शनिवारी पाहुण्याच्या मागे उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. एकाच पर्समध्ये दोन रुमाल ठेवावेत तसं. आमचा देश तरी कुठे धुतल्या तांदळाचा आहे, पण आम्ही निदान भिंतीवर लावून मुलांकडून पाठ करून घेत नाही, असं मी रागारागात स्टाफरूममध्ये म्हणाले. लगेच लक्षात आलं की आम्हीही घेतो. संविधानाची प्रस्तावना मी स्वतः शाळेत पाठ केली होती.

पोस्टर फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. त्यातलं एकही वाक्य माझ्यापुरतं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मला इथे कायदा भेटला होता, आदर भेटला होता, एका फुलवातीसाठी पानभर लिहून न्याय मिळाला होता. फाटकाच्या आत सगळं त्या पोस्टरबरहुकूम होतं.

मंडळाच्या अध्यक्षीण काकूंना मी फोन केला. "काकू, यापुढे पाहुणा कोण ते कळल्याशिवाय आपण कुठेही जायचं नाही."

"अगं, आपल्याला काय करायचंय पॉलिटिक्सशी? अतिथी देवो भव म्हणतो ना आपण?"

"तुम्ही म्हणा. मी आता विचारून म्हणेन."

काकू दुखावल्या. त्यांचा फोटो कंपनीच्या वेबसाइटवर छान आला होता. माझाही.

ऑक्टोबरात एक दिवस गाडीतच मैत्रिणीला फोन आला. ती कित्येक महिने ज्या सरकारी कचेरीच्या मागे लागली होती, तिथला कोणी अधिकारी होता. तिने स्पीकर लावला. माणूस अतिशय सभ्य. तिच्या भावाचं नावही बरोबर उच्चारलं त्याने, आधी सराव केला असावा. म्हणाला, हे विषय आम्ही त्यांच्याकडे नेहमी काढतो, पण बंद दाराआड. तसं केल्यानेच आपलं वजन राहतं. ती त्याला थँक यू म्हणाली. मी गाडी बाजूला घेतली. बंद दाराआड! आणि उघड्या दारात काय, तर लाल गालिचा आणि मी.

"दारामागे काय बोलतात, ते त्याला ऐकू तरी जात असेल का?" मी विचारलं.

"कोणाला?"

"तुझ्या भावाला."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि घड्याळ दाखवलं. पहिला तास तिचाच होता.

नवऱ्याने त्या प्रोजेक्टमधून बदली मागून घेतली. मला त्याने ते सांगितलंही नाही, त्याच्या एका सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं. कंपनी त्याने सोडली नाही. मी सोड म्हणाले नाही, आणि का म्हणाले नाही याचा विचार मी फार खोल करत नाही. तो घरात कमी बोलू लागला. शेजारच्या खिडकीवरून जाताना तो रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथने जायचा, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

सोमवार येत राहिले. अजून आहे. अजून आहे. नाताळच्या सुट्टीत ती रविवारी रात्रीच मेसेज करायची, तेवढंच.

फेब्रुवारीत पेपरात पाहुण्याचा फोटो आला. लंडनमधल्या कुठल्याशा पायऱ्यांवर, दोन्ही बाजूंना दोन हसरे इंग्रज, हस्तांदोलन. नव्या भागीदारीबद्दल काहीतरी होतं. पाहुण्याची तब्येत उत्तम दिसत होती, थोडा भरलाही होता. मी पेपर उलटा करून ठेवला, आणि त्यावर बटाट्याची सालं काढली.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी दुपारी बेल वाजली. मला नवल वाटलं, कारण ती नेहमी बाजूच्या फाटकातून सरळ स्वयंपाकघरात येते. दारात तीच उभी होती. हिरवा कोट, केस नीट विंचरलेले. बगलेत पुठ्ठ्यासारखं काहीतरी होतं. "आत येऊ का?" तिने विचारलं. इतक्या वर्षांत तिने असं कधी विचारलं नव्हतं.

हॉलमध्ये येऊन ती बसली नाही. सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहिली.

"तो लाकडाचा हार," ती म्हणाली, "तसा कुठे मिळतो?"

माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "वेम्बलीला मिळतो," मी म्हणाले. "लेस्टरलाही मिळतो." दुकानाचा पत्ता सांगावा तशी मी बोलत होते आणि माझं मलाच ऐकू येत होतं. मग मी सोफ्याच्या हातावर बसले. "कधी?"

"गुरुवारी पहाटे. आईला आज सांगितलं. शरीर देणार नाहीत म्हणाले." तिचा आवाज सरळ होता, वर्गात सूचना वाचून दाखवतात तसा. "माझ्या घरात हार घालायची पद्धत नाही. पण मला त्याच्यासाठी काहीतरी करायचंय, आणि करायला काहीच नाहीये. थडगंसुद्धा नाही."

नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा होता. तो कधी आला मला कळलं नव्हतं. त्याने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून भिंतीशी नेली, चपला काढल्या, खुर्चीवर चढला आणि आईच्या फोटोवरचा हार दोन्ही हातांनी उतरवला. त्यावरची धूळ त्याने शर्टाच्या बाहीने पुसली. मग खाली उतरून तिच्यासमोर धरला. त्याची मान खाली होती.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं. तिने हार हातात घेईपर्यंत मला वाटत होतं की ती घेणार नाही. मग तिने हार आणि बगलेतला फोटो माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "तू घाल. तुला माहीत आहे कसं असतं ते."

मी घातला. पांढरा कोट, कानामागे पेन, कोणीतरी हसवल्यासारखा चेहरा. हार मोठा झाला, चौकटीच्या खाली लोंबायला लागला. सासूबाईंचा फोटो बराच मोठा आहे. तिने हार काढून घेतला, दुहेरी केला, आणि पुन्हा नीट घातला.